वासंतिक वमन : पंचांग पाहावे की सूर्य?

वासंतिक वमनाचा काल आपण बहुधा पंचांगातील महिना पाहून ठरवितो. वऱ्हाडातील वैद्यबंधूंनी ही रीत एकवार तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

ऋतू सूर्यामुळे होतात. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने सूर्यकिरणांचा कोन आणि दिनमान वर्षभर पालटत राहते. सूर्याचे अंतर हे त्याचे कारण नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, ऐन थंडीत. अमरावती-अकोल्यास 21-22 डिसेंबरचा दिवस अकरा तासांहून किंचित लहान, तर 21 जूनचा सव्वातेरा तासांहून मोठा असतो. दिनमान डिसेंबरातील त्या तारखेपासूनच वाढू लागते. म्हणजे 14-15 जानेवारीस मकरसंक्रांत येते, त्यापूर्वी तीन आठवडे आदानकाल सुरू झालेला असतो.

चांद्रमासांत तर याहून अधिक अंतर पडते. गुढीपाडवा 2023 साली 22 मार्चला होता, 2024 साली 9 एप्रिलला. सूर्य मात्र दरवर्षी 20-21 मार्चलाच विषुववृत्तावर येतो. चैत्र उशिरा लागला की चैत्रातील वमन भर उन्हाळ्यात जाते. एप्रिलात अकोल्याचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात स्नेहन-स्वेदन झालेल्या रुग्णास वमन देणे म्हणजे जलक्षय व ग्लानी यांस निमंत्रण होय.

शास्त्राचा यास विरोध नाही. ऋतुचर्येत वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी शोधनासाठी चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात तो फाल्गुन-चैत्राचा सांगितला आहे. सुश्रुतसंहितेतील एका क्रमात ग्रीष्म वैशाख-ज्येष्ठात येतो. आपल्या उन्हाशी तोच जुळतो. शिवाय कालाबरोबर देशही पाहावा लागतो. वऱ्हाडात सूर्य 24 मे आणि 19 जुलैच्या सुमारास असा दोनदा माथ्यावर येतो. पहिल्या वेळी होरपळ असते, दुसऱ्या वेळी मोसमी वाऱ्यांनी आणलेला पाऊस.

म्हणून आमची सूचना अशी : स्वस्थ व्यक्तींचे वासंतिक वमन फेब्रुवारीच्या मध्यापासून 20 मार्चपर्यंत आटोपावे. औषधी विक्रेत्यांनी मदनफळ, यष्टिमधु व स्नेहपानाची घृते जानेवारीतच मागवून ठेवावीत. ऋतुचर्येच्या पत्रकांवर चांद्रमासासोबत इंग्रजी तारखाही छापाव्यात, म्हणजे रुग्ण वेळेवर येईल.