विरोध नेमका कशाला?

पर्यावरणाच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरणाऱ्या तरुणांविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. काही जण त्यांना उद्याच्या जगाचे रक्षणकर्ते म्हणून गौरवतात, तर काही जण विकासाचे शत्रू म्हणून त्यांची संभावना करतात. दोन्ही पक्षांत एक उणीव मात्र समान आहे. हे तरुण नेमके काय म्हणत आहेत, ते शांतपणे ऐकून घेण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

छत्तीसगडमधील भिलाई शहराचे उदाहरण घेऊ. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तेथे कामासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. रुआबांधा ही याच शहरातील एक वसाहत. अशा वसाहतीत वाढलेल्या कितीतरी मुलांचे शिक्षण, घरातील धान्य आणि वडीलधाऱ्यांचे औषधपाणी कारखान्याच्या पगारावर चालत आले आहे. येथील एखादी तरुणी धुराविषयी, राखेविषयी किंवा तुटणाऱ्या जंगलाविषयी बोलू लागली, तर घरातूनच तिला विचारले जाईल, ''ज्या भट्टीने आपली चूल पेटवली, तिच्याविरुद्ध तू बोलणार?''

हा प्रश्न झटकून टाकता येण्यासारखा नाही. भिलाईत तयार झालेल्या रुळांवरून देशभर रेल्वे धावते. पोलाद नको, वीज नको, रस्ते नकोत, असे म्हणणे कोणालाही परवडणारे नाही. मग पर्यावरणवादी तरुणाने गप्प बसावे काय?

मुंबईतील आरे वसाहतीच्या आंदोलनात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. तेथील वृक्षाच्छादित जमिनीवर मेट्रोची कारशेड बांधण्याचे ठरले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे तोडण्यास वा अन्यत्र हलवण्यास मान्यता दिली. नागरिकांनी त्यापूर्वीच हजारो हरकती नोंदवल्या होत्या. विरोधकांवर 'विकासविरोधी' हा शिक्का बसला. परंतु त्यांची भूमिका स्पष्ट होती. मेट्रोला आमचा विरोध नाही, कारशेडच्या जागेला आहे, असे ते सांगत होते. मेट्रोमुळे रस्त्यावरील वाहने आणि त्यांचा धूर कमी होऊ शकतो, हे त्यांनाही मान्य होते. म्हणूनच केवळ 'नको' म्हणून न थांबता 'येथे नको, दुसरी जागा पाहा' असे त्यांना म्हणता आले.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते. तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्याने देशाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून स्वीकारले आणि ७ ऑक्टोबरला वृक्षतोड थांबवण्याचा आदेश दिला. तोवर २,१४१ झाडे तुटली होती. पुढे २०२० मध्ये आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित करण्याचा निर्णय झाला. मात्र २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेतच ठेवण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये त्या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. हा पूर्ण विजय नव्हे आणि पूर्ण पराभवही नव्हे. चळवळीचे फळ पुष्कळदा असेच अर्धेमुर्धे हाती येते, हे तरुण कार्यकर्त्याने आधीच जाणून असावे.

भिलाईच्या तरुणांना तर यासाठी मुंबईकडे पाहण्याचीही गरज नाही. त्यांच्याच राज्याच्या उत्तरेस हसदेव अरण्य आहे. तेथील कोळसा खाणींना विरोध करण्यासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये गावकरी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले. ग्रामसभेच्या संमतीची कागदपत्रे खोटी आहेत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. जुलै २०२२ मध्ये राज्याच्या विधानसभेने तेथील कोळसा खाणपट्टे रद्द करावेत, असा ठराव एकमताने संमत केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात तेथे झाडे तोडली गेली. या लढ्यातील आलोक शुक्ला यांना २०२४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. लढा मात्र संपलेला नव्हता.

या दोन्ही ठिकाणी घोषणांइतकेच कागदाला महत्त्व होते. कोठे हरकतीचा अर्ज होता, कोठे पत्र, तर कोठे ग्रामसभेचा ठराव. निदर्शनांमुळे लोकांचे लक्ष वेधले जाते. पण मिरवणूक पांगल्यावर फाइल पुढे सरकतच असते. ती वाचणारा आणि तिला लेखी उत्तर देणारा कार्यकर्ता नसेल, तर फलक उंचावणारे हात रिकामेच राहतात. काही तरुणांचा उत्साह छायाचित्रापुरताच टिकतो, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय त्यांना घरी बसवणे हा नसून अभ्यासाकडे वळवणे हा आहे.

त्यासाठी महाविद्यालयाची पदवी हवीच, असे नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि पर्यावरणीय अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. माहितीचा अधिकार तर २००५ पासून प्रत्येक नागरिकाच्या हाती आहे. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणारा आपल्यासारखा वाचकही ती सूचना वाचू शकतो, शेजाऱ्याला समजावू शकतो आणि चार ओळींची हरकत लिहू शकतो. धूर आणि राख तर बहुधा त्याच्याच दारी आधी पोहोचते.

म्हणून रुआबांधातील तरुणीने घरच्यांना निःसंकोचपणे उत्तर द्यावे : ''भट्टी बंद करा, असे मी म्हणत नाही. धुराची मोजणी लोकांसमोर ठेवा, राखेची नीट व्यवस्था लावा आणि जंगलातील माणसांची खरी संमती घ्या, एवढेच मी म्हणते.'' यात कृतघ्नपणा कोठेच नाही. ज्या भाकरीवर आपण वाढलो, ती कोणाच्या अंगणातील झाडे तोडून आली, हे विचारण्याचा अधिकार ती भाकरी खाणाऱ्यालाच सर्वांत आधी आहे. आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.