घरातील व्यायाम आणि वेळेची तरतूद

कुंभकोणम येथे सेवेत असताना मी रोज पहाटे महामहम तलावाभोवती फेऱ्या मारीत असे. त्या वेळी पत्नी स्वयंपाकघरात आणि मुले अंथरुणात असत. पुढे मधुमेहाचे निदान झाले ते पत्नीला. माझी शिस्त घरात माझ्यापुरतीच उरली होती, हे तेव्हा उमगले.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. परंतु ते केवळ आदेश काढून थांबले नाहीत. ते स्वतः, राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम हवा. मात्र तरतुदीवाचून आदेश कागदावरच राहतो, हा प्रशासनातील नित्याचा अनुभव. घरातली तरतूद म्हणजे वेळ. आणि गृहिणीपाशी तोच नसतो.

म्हणून आम्ही प्रथम कामे वाटून घेतली. कॉफीचे डिकॉक्शन आणि डबे माझ्याकडे आले, अंथरुणे व पाणी मुलांकडे. मगच डॉक्टरांच्या सल्ल्याने गच्चीवर चौघांचे सूर्यनमस्कार सुरू झाले. औषधांच्या जोडीने आज तिची साखर आटोक्यात आहे.

परमुलखातील मराठी कुटुंबांना आखाडा मिळेलच असे नाही. सूर्यनमस्कारांना सतरंजीएवढी जागा पुरते. कुटुंबाने एकत्र व्यायाम करावाच. परंतु त्याचा आरंभ स्वयंपाकघरातील कामाच्या वाटणीपासून व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.