तरवडीची आठवण

प्रवराकाठच्या बेलापुरातली मुलं पत्रकार व्हायचं म्हणतात, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचा स्टुडिओ असतो. मी त्यांना आधी तरवडीचं नाव सांगतो. शेजारच्या नेवासे तालुक्यातलं खेडं. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक तिथून अनेक दशकं चालवलं. सावकारी, भिक्षुकशाही, शेतकऱ्याचं अज्ञान हे त्यांचे विषय, आणि भाषा शेतकऱ्याला कळेल अशी. वारसा होताच म्हणा: त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केलं होतं. पण खेड्यात राहून पत्र चालवायचं धाडस मुकुंदरावांचं स्वतःचं, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. म्हणून मुलांना सांगतो: पत्रकारितेची पदविका जरूर करा, कॅमेरा शिका. त्याआधी ग्रामसभेला शेवटपर्यंत बसा, ठरावाची नक्कल मागा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. कालव्याचं आवर्तन शेवटच्या शेतापर्यंत पोचलं का, हे बांधावर जाऊन पाहा. उसाचं पेमेंट कुणाचं अडलं ते विचारा, कारखान्याची बाजूही ऐका, आणि मगच लिहायला बसा. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं मिळतं, म्हणून सुरुवातीला जोडीला दुसरं काम ठेवा. जाहिराती गोळा करण्याच्या अटीवर मिळणारं ओळखपत्र मात्र घेऊ नका.