केसाचा तिसरा हिस्सा

आमची ताई शहापूरला असते. तिचा मुलगा मुरबाडच्या एका कारखान्यात लेथवर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचे 40 नग परत आले आणि नोकरीत कायम होणे लांबले. "मापूनच दिले होते, मामा!" तो शपथेवर सांगे. तेव्हा आम्हा अभियंत्यांच्या वार्षिक परिषदेला पुण्यास निघालो, तो त्यालाही बरोबर घेतले.

निबंध पुष्कळ झाले. (जेवण उत्तम होते.) भाच्याने टिपले ते एवढेच: जगभर लांबीचे माप 20 अंश सेल्सिअसला धरतात. 100 मिलिमीटरचा पोलादी नग 20 अंशांनी तापला की सुमारे 23 मायक्रॉन वाढतो, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा! हा पठ्ठ्या लेथवरून उतरलेला गरम नग तसाच मापायचा. निवला की नग आखडायचा.

"आमच्या पत्र्याखाली वैशाखात 20 अंश कुठून आणू?" त्याने भर सभेत विचारले. सभा हसली. मला काही हसू आले नाही.

आता तो नग रात्रभर निवू देतो, मग मापतो. ताई म्हणाली, "चकलीसुद्धा निवल्याशिवाय मी डब्यात भरत नाही. मला विचारलं असतंत तर पुण्याचं भाडं वाचलं असतं!"

दसऱ्यापर्यंत एकही नग परत आला नाही. कायम केल्याचे पत्र मात्र अजून यायचे आहे.