खेळाआधीची वीस मिनिटे

दादर कापून झाली की आपल्या खानदेशात रान मोकळे होते आणि पोरांना आयते मैदान मिळते. पूर्वी तेथे कबड्डी, लंगडी चाले. आता फुटबॉलही दिसतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी तर राज्यभर शाळाशाळांतून मुले एकाच दिवशी फुटबॉल खेळली. चांगलेच झाले.

पण आपले रान म्हणजे भेगाळलेली काळी जमीन, वर धसकटे, आणि पोर अनवाणी. भरधाव पळता पळता एकदम वळले की गुडघा आत झुकतो आणि ‘कट्’ आवाज येतो. आतला अस्थिबंध तुटला, तर तो सहसा आपोआप पूर्ववत होत नाही. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचे असते. असा गुडघा घेऊन पोर काय पळणार?

नवा गोऱ्हा आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. मग पोराला का जुंपावे?

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, यासाठी वीस मिनिटांचा व्यायाम तयार करवून घेतला आहे. आधी आठ मिनिटे सावकाश पळणे, मग दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटे जोरात पळणे. आठवड्यातून निदान दोनदा. खर्च काही नाही.

मधली दहा मिनिटे खरी मोलाची. कोपरे आणि पायाची बोटे टेकून अंग फळीसारखे ताठ धरावे, वीस ते तीस सेकंद, तीन वेळा. एका पायावर अर्धा मिनिट उभे राहावे. उडी मारून खाली येताना पायाचा आवाज होऊ नये आणि गुडघे एकमेकांकडे झुकू नयेत. हे मात्र कोणीतरी समोर उभे राहून पाहावे लागते. मांडीच्या मागच्या शिरांसाठी गोधडीवर गुडघे टेकून ताठ व्हावे, जोडीदाराने घोटे दाबून धरावेत, आणि कंबरेत न वाकता अंग हळूहळू पुढे सोडावे. तोल गेला की हात टेकावेत. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे.

“आम्ही नाही खेळलो का असेच?” असे आबा म्हणतील. त्यांना नॉर्वे देशातली गोष्ट सांगा. तेथे २००७ साली १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर हे पाहिले गेले. व्यायाम करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. ज्यांनी नेमाने केला त्यांना फायदा अधिक. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे. त्यात न लागता पडायचे कसे, हेही शिकवतात. आपल्या कडक जमिनीवर ते आधी शिकवावे. माझ्या मते कबड्डीच्या पोरांनीही हे करावे, वळणारा गुडघा दोन्हीकडे तोच.

इतके करूनही पाय मुरगळला, तर खेळ तिथेच थांबवावा. कापडात बर्फ गुंडाळून किंवा ओले फडके ठेवून पाय उंच धरावा. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला किंवा पाय टेकवेना, तर मालिशवाल्याकडून ओढून घेऊ नये. धुळे काय, जळगाव काय, सरकारी रुग्णालयात हाडांचे डॉक्टर असतात. त्यांना त्याच दिवशी दाखवावे.