थकलेले भाडे आणि कोरडा उपदेश

भाडेकरूचे भाडे थकले म्हणजे त्याची नियत फिरली, असे समजण्याची आपल्या समाजात रीत आहे. कारखान्याला टाळे लागते, ठेकेदार मजुरी बुडवितो, बाजार बसतो. यांतले काहीही त्याच्या हातचे नसते. तरीही एक तारखेला जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो. अशा दिवसांत उपदेशालाही ऊत येतो : मालकांनी सबुरीने घ्यावे, भाडेकरूंनी सचोटी सोडू नये, उभयतांनी सामोपचाराने मार्ग काढावा. उपदेशात गैर काही नाही. परंतु ज्या व्यवहारात एकाच्या हाती किल्ली आहे आणि दुसऱ्याच्या हाती केवळ विनंती, तेथे सामोपचार म्हणजे बलवानाची मर्जी एवढाच अर्थ उरतो.

२०२० सालचा अनुभव आठवावा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. २७ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने मुदतीच्या कर्जांचे हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा बँकांना दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. २९ मार्च रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की, भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये. १७ एप्रिल रोजी महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकबाकीपायी कोणास घराबाहेर काढू नये, अशी सूचना केली.

कागदावर कर्जदार व भाडेकरू दोघांनाही दिलासा मिळाला. पण कर्जदाराच्या दिलाशामागे बँकेची खातेवही होती. त्याची मुदत तीत नोंदली जात होती, मग भले त्यावर व्याज चढत राहिले असेल. भाडेकरूच्या दिलाशामागे अशी कोणती यंत्रणा होती? तहकूब झालेले भाडे पुढे कोणी, किती हप्त्यांत द्यायचे, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते आणि त्या सूचनेतही नव्हते. तहकुबी म्हणजे माफी नव्हे. ज्याचा तीन महिन्यांचा रोजगार बुडाला, त्याच्यापुढे चौथ्या महिन्यात चार महिन्यांचे भाडे उभे राहते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन लाखो मजूर गावाकडे चालत निघाले, त्यामागे उपासमारीइतकीच खोलीच्या भाड्याचीही धास्ती होती.

घरमालक हा एकसंध वर्ग नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. डोंबिवलीला एक खोली भाड्याने देऊन त्यावर म्हातारपण काढणारी विधवा आणि डझनभर सदनिका अडवून बसलेला गुंतवणूकदार यांना एकाच मापाने मोजणे हा आळस आहे, समाजवाद नव्हे. त्या विधवेला ‘भाडे मागू नकोस’ असे सांगणारे शासन तिचा मालमत्ता कर सोडत नसेल, तर ते दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करीत आहे. मंदीचा भार कोठेतरी पडणारच. प्रश्न एवढाच की, तो सर्वांत खालच्याच्या डोक्यावर टाकायचा, की मालक, बँक व शासन यांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यायचा?

आपल्या चळवळीलाही येथे आत्मपरीक्षण करावे लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचे रक्षण हे आपण कर्तव्य मानले, आणि ते योग्यच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार बंद झाला. अशा काळात अल्प भाडे आणि कोर्टाच्या हुकमाविना खोली रिकामी न होणे, हाच चाळकऱ्याचा आधार होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही हे तत्त्व टिकविले आहे : थकबाकीची नोटीस दिल्यावर ९० दिवस लोटल्यावाचून दावा लावता येत नाही, आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के व्याज व खर्चासह कोर्टात भरली, तर खोली वाचते.

परंतु हे कवच कोणाला? शहरात नव्याने येणारा कामगार, परिचारिका, विद्यार्थी हे बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहतात. कायद्याच्या लेखी ते भाडेकरूच नव्हेत, परवानाधारक आहेत. मुदत संपून जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्काची भरपाई द्यावी लागते. सक्षम प्राधिकाऱ्यापुढे बचाव मांडायचा, तर त्यासाठीही आधी परवानगी मिळवावी लागते. आपण जुन्या चाळीच्या दारावर पहारा देत बसलो आणि नवा भाडेकरू मागच्या दाराने कायद्याबाहेर गेला, हे आपल्या ध्यानातच आले नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. आपत्ती अथवा बंद उद्योगामुळे भाडे थकल्यास ते हप्त्यांनी फेडण्याचा हक्क परवानाधारकालाही कायद्याने मिळावा. अनामत रकमेतून थकबाकी वळती करण्याची मुभा असावी. वसुलीसाठी पाणी वा वीज तोडणे, दाराला कुलूप घालणे हा परवानाधारकाच्या बाबतीतही दखलपात्र गुन्हा ठरावा. छोट्या मालकाने भाड्यात सूट दिली, तर त्या प्रमाणात त्याला मालमत्ता करात सूट मिळावी, आणि त्याच्या कर्जाचे हप्ते व्याजाविना पुढे जावेत.

सहृदय मालक आजही आहेत. अडचणीच्या दिवसांत त्यांनी भाडेकरूला सांभाळूनही घेतले आहे. त्यांच्याविषयी आपल्या मनात आदरच असावा. पण डोक्यावरचे छप्पर कोणाच्या सहृदयतेवर अवलंबून राहू नये, यासाठीच तर कायदा असतो. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत अकरा महिन्यांच्या करारांवर राहणाऱ्यांची नोंद करण्यास आरंभ करावा. मंदी येईल तेव्हा त्यांच्या दारी सांत्वनाला जाण्यापेक्षा, ती येण्यापूर्वी त्यांची संघटना बांधणे अधिक मोलाचे आहे.