सत्ताविसावी सही

सबमिशनच्या आठवड्यात फाईल घेऊन स्टाफरूमबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे होस्टेलवर कुणाला समजावून सांगायला नको. सगळ्या सह्या झालेल्या, एकच राहिलेली, आणि नेमके तेच सर रजेवर! (सरांनी रागावू नये, पुढचं वाचावं.) आता कल्पना करा की ती फाईल एका अख्ख्या देशाची आहे, सह्या सत्तावीस लागतात, आणि त्यातला एक म्हणतो, "आधी तुझं नाव बदल." नाव बदललं, तर दुसरा म्हणतो, "आता तुझा इतिहास बदल."

उत्तर मॅसेडोनियाच्या बाबतीत हे खरोखर घडलंय. 2021 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम 18 लाख 36 हजार. मदर तेरेसा 1910 साली स्कोपये इथं जन्मल्या, एवढीच आपली त्यांच्या राजधानीशी ओळख. 1991 मध्ये युगोस्लाव्हियातून वेगळा झालेला हा देश डिसेंबर 2005 मध्ये युरोपियन युनियनचा अधिकृत उमेदवार झाला. आणि 2025 साल सरलं तरी वाटाघाटींचं एकही प्रकरण उघडलेलं नव्हतं. युनियनमध्ये नवा सदस्य घ्यायचा तर सगळ्यांचं एकमत लागतं, आणि नुसतं शेवटी नाही, तर जवळजवळ प्रत्येक पायरीवर. म्हणजे शेजारच्या एका देशाने मान हलवली की खेळ खलास.

पहिली मान ग्रीसने हलवली. मॅसेडोनिया हे आमच्या उत्तरेकडच्या प्रांताचं नाव, ते तुम्ही वापरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल 2008 मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत याच कारणावरून नाटोचं दारही बंद झालं. स्कोपयेवाले हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2011 मध्ये चक्क जिंकले. 1995 च्या कराराचा ग्रीसने भंग केला, असा निकाल लागला. पण त्याचा उपयोग? शून्य! निकालपत्राने शेजाऱ्याचं मत बदलत नाही. त्यात त्याच वर्षी यांनी भर चौकात घोड्यावर बसलेल्या अलेक्झांडरचा प्रचंड पुतळा उभारला. विमानतळालाही त्याचंच नाव दिलेलं होतं. कोर्टात जिंकायचं आणि चौकात शेजाऱ्याला डिवचायचं, याला मुत्सद्देगिरी म्हणत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्र बदललं ते 2017 नंतर. पंतप्रधान झोरान झाएव आणि परराष्ट्रमंत्री निकोला दिमित्रोव यांनी आधी विमानतळाचं नाव बदललं, मग बोलणी केली. 17 जून 2018 रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला. घरात विरोध जबरदस्त होता. त्या सप्टेंबरच्या सार्वमतात मतदान 37 टक्क्यांच्या आसपासच झालं. तरी जानेवारी 2019 मध्ये 120 जणांच्या संसदेत 81 मतं मिळवून घटनादुरुस्ती झाली आणि देश 'उत्तर' मॅसेडोनिया बनला. मार्च 2020 मध्ये नाटो मिळालं. लहान देशाने एवढं धैर्य दाखवावं याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. एवढी मोठी किंमत मोजताना बदल्यात काय मिळणार, ते युनियनकडून पक्कं करून घेतलंच नव्हतं. ऑक्टोबर 2019 मध्ये फ्रान्सने वाटाघाटी सुरू करायला नकार दिला. नोव्हेंबर 2020 मध्ये बल्गेरियाने. त्यांचा वाद भाषेचा आणि इतिहासाचा. गोत्से देल्चेव हा क्रांतिकारक आमचा की तुमचा, इथपर्यंत! तसं पाहिलं तर बल्गेरियाशी मैत्री करार 1 ऑगस्ट 2017 लाच झाला होता, त्यात इतिहासतज्ज्ञांची संयुक्त समितीसुद्धा होती. मैत्रीसाठी नेमलेली समिती पुढे छडी म्हणून वापरली गेली. 2022 च्या फ्रेंच तोडग्यात तर घटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा, अशी अटच आली. 2021 च्या जनगणनेत हे लोक साडेतीन हजारांच्या आसपास भरले.

आमच्या रूमवर यावर रात्री दीड वाजेपर्यंत वाद झाला. एकजण म्हणाला, "मग सोडून द्यावं ना युरोप! स्वाभिमान आहे की नाही?" ऐकायला छान वाटतं. पण चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश, बाजारपेठ युरोपात, तरुण पोरं कामासाठी तिकडेच निघालेली. सोडून जायचं कुठे?

मला स्लोव्हेनिया-क्रोएशियाचं उदाहरण जास्त पटतं. पिरानच्या आखाताच्या हद्दीवरून स्लोव्हेनियाने क्रोएशियाची वाटचाल अडवली होती. नोव्हेंबर 2009 मध्ये दोघांनी लवादाचा करार केला. भांडण मिटलं नाही बरं का, फक्त दुसऱ्या खोलीत नेलं! इकडे वाटाघाटी सुरू राहिल्या आणि 1 जुलै 2013 ला क्रोएशिया आत. स्कोपयेने नेमका याचाच आग्रह धरायला हवा. देल्चेव इतिहासतज्ज्ञांकडे राहू दे, प्रकरणं ब्रुसेल्सकडे. हे एकट्याने मागून कुणी देणार नाही. त्यासाठी आतल्या राजधान्यांमध्ये वकील जमवावे लागतात. मधल्या पायऱ्यांना एकमताऐवजी बहुमत पुरावं, ही सूचना जर्मनी आणि स्लोव्हेनियाने मांडलीच आहे. उमेदवार देशांनी एकत्र येऊन तिच्यामागे उभं राहावं. मॉन्टेनेग्रो सर्वांत पुढे, पण डिसेंबर 2024 मध्ये त्यांचंही एक प्रकरण क्रोएशियाने अडवलंच की! कालचा अडलेला आज अडवणारा झाला... असो.

मे 2024 च्या निवडणुकीनंतर आलेलं मित्स्कोस्की यांचं सरकार म्हणतं, आधी हमी द्या, मग घटनादुरुस्ती. मागणी रास्त आहे, कारण एकदा पोळलेत. पण नुसती मागणी करून बसायचं तर शेजारी थांबत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये अल्बानियाचा प्रकरणांचा पहिला गट उघडला, आणि तोवर एका गाडीत असलेले हे दोघे वेगळे झाले. दुरुस्तीला 80 मतं लागतात, म्हणजे विरोधी पक्षाशिवाय जमणारच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते यांनी एकच मसुदा घेऊन एकाच विमानाने आधी सोफियाला जावं, मग ब्रुसेल्सला. हमी मागणारी सही दोघांची असली, तर उद्या सरकार बदललं तरी ती पुसता येणार नाही.